रँक : गुणपत्रिकेतली आणि गणितातली

शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत 'रँक' हा शब्द दरवर्षी येतो. गुणवंत विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांखाली कोणाला कितवी रँक मिळाली हे छापलेले असते आणि आईवडील ते पान जपून ठेवतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु बारावीनंतर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा संख्याशास्त्र यांकडे वळलेल्या विद्यार्थ्याला हाच शब्द पुन्हा एकदा भेटतो, आणि तेथे त्याचा अर्थ अगदी निराळा असतो. प्रश्नपत्रिकेत 'पुढील मॅट्रिक्सची रँक काढा' असा प्रश्न येतो. विद्यार्थी ओळींवर ठरावीक क्रिया करतो, शून्ये आणतो, शिल्लक राहिलेल्या ओळी मोजतो आणि उत्तर लिहून गुण मिळवतो. पण घरी वडिलांनी सहज विचारले की, "बाळा, तू हे मोजलेस तरी काय?" तर तो गोंधळतो.

यात दोष त्याचा नाही. क्रमिक पुस्तकात व्याख्या असते, परंतु ती व्याख्या का करावी लागली हे नसते. ते कळण्यासाठी इतिहासाकडे जावे लागते. या कल्पनेचा इतिहास मोठा रंजक आहे. त्यात चीनमधील एक विहीर आहे, बगदादमधील एकोणीस वर्षांचा एक तरुण आहे, आणि केवळ धर्मामुळे पदवी नाकारला गेलेला एक इंग्रज विद्यार्थीही आहे. त्या इतिहासाची ओळख समाजातील पालकांना आणि विद्यार्थ्यांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम साधी गोष्ट

समजा, दुकानदाराने सांगितले की दोन पेने आणि तीन वह्या मिळून ८० रुपये होतात. एवढ्यावरून पेनाची किंमत कळत नाही. म्हणून आपण आणखी माहिती विचारली. तो म्हणाला, चार पेने आणि सहा वह्या मिळून १६० रुपये. आता माहिती दोन वेळा मिळाली, अज्ञात किमतीही दोनच. तरीही उत्तर निघत नाही, कारण दुसरे वाक्य म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे. त्यात नवीन काही नाही. त्याने जर सांगितले असते की एक पेन आणि एक वही मिळून ३० रुपये, तर वही २० रुपयांची आणि पेन १० रुपयांचे हे लगेच कळले असते.

समीकरणांतील संख्या ओळींत आणि स्तंभांत मांडल्या म्हणजे जो चौकोनी तक्ता तयार होतो त्याला मॅट्रिक्स म्हणतात. मराठी ग्रंथांत त्यासाठी आव्यूह हा शब्द आढळतो. त्या तक्त्यातील किती ओळी खरोखर स्वतंत्र आहेत, म्हणजे इतर ओळींच्या पटी, बेरजा आणि वजाबाक्या करून मिळवता येणार नाहीत, त्या संख्येला मॅट्रिक्सची रँक म्हणतात. वरच्या उदाहरणात पहिल्या दोन वाक्यांची रँक १ आहे. पहिले व तिसरे वाक्य घेतले तर ती २ होते. समीकरणे मोजणे निराळे आणि त्यांतील नवी माहिती मोजणे निराळे. हा फरक स्पष्ट व्हायला माणसाला शेकडो वर्षे लागली.

पाच घरे आणि एक विहीर

चीनमध्ये 'गणिताची नऊ प्रकरणे' या अर्थाच्या नावाचा एक प्राचीन ग्रंथ आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजवटीच्या काळात, तो त्याच्या परिचित स्वरूपात आला. त्याच्या आठव्या प्रकरणात समीकरणे सोडविण्यासाठी गणनेच्या काड्या तक्त्यासारख्या मांडत आणि एका स्तंभातून दुसरा पुनःपुन्हा वजा करत. आज महाविद्यालयात शिकवली जाणारी रीत तत्त्वतः हीच आहे.

त्या प्रकरणात एक उदाहरण आहे. पाच घरांची मिळून एक विहीर आहे. कोणाच्याच घरचे दोर एकटे पाण्यापर्यंत पुरत नाहीत. पहिल्या घरचे २ दोर आणि दुसऱ्या घरचा १ जोडला तर पाणी गाठते. दुसऱ्याचे ३ आणि तिसऱ्याचा १, तिसऱ्याचे ४ आणि चौथ्याचा १, चौथ्याचे ५ आणि पाचव्याचा १, पाचव्याचे ६ आणि पहिल्याचा १ जोडला तरीही तसेच. तर प्रत्येकाचा दोर किती लांब आणि विहीर किती खोल?

ग्रंथातले उत्तर असे आहे : विहीर ७२१, आणि दोर अनुक्रमे २६५, १९१, १४८, १२९ व ७६. विद्यार्थ्यांनी ताळा करून पाहावा. २६५ ची दुप्पट ५३०, त्यात १९१ मिळवले की ७२१. ७६ ची सहापट ४५६, त्यात २६५ मिळवले की पुन्हा ७२१. ७२१ ही संख्याही मजेशीर आहे. २, ३, ४, ५ व ६ यांचा गुणाकार ७२० होतो आणि त्यात १ मिळवला की विहिरीची खोली येते.

पण येथे एक गोम आहे. अज्ञात गोष्टी सहा आहेत, पाच दोर आणि एक विहीर. माहिती मात्र पाचच वाक्यांची आहे. म्हणून सगळे आकडे दुप्पट केले तरी उत्तर बरोबरच राहते, आणि तिप्पट केले तरीही. इ. स. २६३ मध्ये या ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्या ल्यू ह्वे या गणितज्ञाच्या हे ध्यानात आले होते. हे उत्तर म्हणजे केवळ परस्परप्रमाण आहे, असे त्याने नमूद केले. आजच्या भाषेत, सहा अज्ञातांपुढे रँक ५ आहे आणि म्हणून एक संख्या मोकळी राहते.

बगदादचा तरुण

विहिरीच्या उदाहरणात माहिती कमी पडत होती. ती गरजेपेक्षा फार जास्त झाली तर काय होते, हे पाहण्यासाठी आता बाराव्या शतकातल्या बगदादला जाऊ.

बगदादचे नाव निघाले की आपल्या सभांमधून अल्-ख्वारिज्मीचे नाव हमखास घेतले जाते, आणि ते घ्यायलाच हवे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धातील त्याच्या ग्रंथाच्या नावातील 'अल्-जब्र' या शब्दावरूनच बीजगणिताचे युरोपीय नाव आले. परंतु त्याचा भर एका अज्ञाताच्या समीकरणांवर होता. त्या पायावर पुढे अल्-करजीने इमारत चढवली आणि त्यानंतर अस्-समवअल हा गणितज्ञ आला. आपल्या भाषणांतून त्याचे नाव फारसे ऐकू येत नाही.

समवअलचा जन्म सुमारे ११३० साली बगदादमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील मूळचे मोरोक्कोमधील फेस शहरचे, धर्मशास्त्राचे जाणकार होते. तेराव्या वर्षी त्याने गणिताचा गंभीर अभ्यास सुरू केला आणि त्याचा आरंभ भारतीय गणनपद्धतीपासून केला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी बगदादमध्ये उच्च गणित शिकवणारे शिक्षक उरले नव्हते. युक्लिडच्या पहिल्या काही भागांपुढे शिकवील असा कोणी त्याला मिळेना. तेव्हा त्याने पुढचे ग्रंथ स्वतःच मिळवून वाचले. अल्-करजीचे बीजगणित वाचून त्याला आदर वाटला, पण समाधान झाले नाही. त्याने आपला स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे नाव 'अल्-बाहिर'. तेव्हा त्याचे वय अवघे १९ होते. पुढे तो वैद्यक करू लागला, अनेक प्रदेश फिरला, ११६३ मध्ये मराग़ा येथे त्याने इस्लामचा स्वीकार केला आणि तेथेच सुमारे ११८० साली तो मरण पावला.

'अल्-बाहिर'मध्ये त्याने एक विलक्षण प्रश्न घेतला आहे. दहा अज्ञात संख्या आहेत. त्यांतील कोणत्याही सहा संख्या घेतल्या तर त्यांची बेरीज दिलेली आहे. दहांतून सहा निवडण्याचे २१० प्रकार होतात, म्हणजे दहा अज्ञातांसाठी २१० समीकरणे झाली! समवअलने दहा अज्ञातांना १ ते १० हे क्रमांक दिले आणि सगळी समीकरणे तक्त्यात मांडली. पहिल्या सहांची बेरीज ६५ आहे. सहाव्याऐवजी सातवी घेतली तर ७०, आठवी घेतली तर ७५. यावरून लगेच दिसते की सातवी संख्या सहावीपेक्षा ५ ने मोठी आहे आणि आठवी १० ने. अशा रीतीने पुढे जात दहाही संख्या निघतात.

पण त्याची खरी प्रतिभा पुढेच दिसते. २१० बेरजा मनाला येतील तशा देता येणार नाहीत, हे त्याने ओळखले. त्या परस्परांशी जुळल्या पाहिजेत, नाहीतर उत्तरच असणार नाही. म्हणून त्या जुळण्यासाठी आवश्यक अशा ५०४ अटी त्याने दिल्या.

हे समजण्यासाठी लहान उदाहरण घेऊ. चार भावंडांनी पैसे साठवले आहेत. कोणाचे किती ते सांगत नाहीत, फक्त दोघादोघांची बेरीज सांगतात. पहिला व दुसरा मिळून ८ रुपये, पहिला व तिसरा ११, पहिला व चौथा १५, दुसरा व तिसरा १३, दुसरा व चौथा १७, तिसरा व चौथा २०. सहा वाक्ये झाली. ८ आणि ११ यांच्या बेरजेतून १३ वजा केले की ६ उरतात. ही पहिल्याच्या पैशांची दुप्पट आहे, म्हणून पहिल्याजवळ ३ रुपये. मग दुसऱ्याजवळ ५, तिसऱ्याजवळ ८ आणि चौथ्याजवळ १२. यासाठी आपल्याला चारच वाक्ये लागली. १७ आणि २० ही शेवटची दोन वाक्ये ऐकण्यापूर्वीच ठरलेली होती. ८ व २०, ११ व १७, १५ व १३ या तिन्ही बेरजा २८ च येतात. शेवटच्या जोडीने २० ऐवजी २१ सांगितले असते तर कोणीतरी चुकले आहे हे लगेच कळले असते. येथे वाक्ये ६, रँक ४ आणि जुळण्याच्या स्वतंत्र अटी २.

हाच हिशेब समवअलच्या प्रश्नाला लावा. समीकरणे २१०, रँक १०, म्हणून जुळण्याच्या स्वतंत्र अटी २००. त्याने दिलेल्या ५०४ अटींतही काही अटी दुसऱ्यांतूनच निघणाऱ्या होत्या. रँकची कल्पना हाताशी नसताना त्या जाणणे अवघड होते. परंतु माहिती जास्त असली तर ती परस्परांशी जुळते की नाही हे तपासले पाहिजे, हे या तरुणाने आठशेहून अधिक वर्षांपूर्वी पूर्णपणे ओळखले होते.

संख्या बरोबर, तरीही उत्तर नाही

समीकरणे कमी असली तर काय होते आणि जास्त असली तर काय होते हे आपण पाहिले. जितके अज्ञात तितकीच समीकरणे असली तर सर्व ठीक, असे कोणालाही वाटेल. अठराव्या शतकातील गणितज्ञांनाही तसेच वाटत होते.

त्या काळी वक्ररेषांचा अभ्यास जोरात होता. तिसऱ्या घाताचा वक्र ९ बिंदूंनी निश्चित होतो असे मानले जाई, कारण ९ बिंदूंपासून ९ समीकरणे मिळतात. पण असे दोन वक्र एकमेकांना ९ बिंदूंत छेदू शकतात, हेही माहीत होते. मग त्याच ९ बिंदूंतून दोन निराळे वक्र गेलेच कसे? हे कोडे जिनिव्हाच्या गाब्रिएल क्रेमरच्या नावाने ओळखले जाते. दहावीच्या विद्यार्थ्यांना 'क्रेमरची पद्धत' म्हणून जी रीत शिकवतात ती याच क्रेमरची, १७५० सालच्या त्याच्या ग्रंथातली.

कोड्याचे उत्तर लिओनार्ड ऑयलरने त्याच सुमारास दिले. तो म्हणाला, समीकरणे नऊ आहेत हे खरे, पण नऊही निराळी आहेत हे कशावरून? उदाहरण म्हणून त्याने अगदी साधी दोन समीकरणे घेतली. एका संख्येच्या तिपटीतून दुसरीची दुप्पट वजा केली तर ५ उरतात, आणि दुसरीची चौपट ही पहिलीच्या सहापटीहून १० ने कमी आहे. नीट पाहिले तर दोन्ही वाक्ये एकच आहेत. दुकानदाराच्या पेना-वह्यांची तीच गोष्ट. एवढ्या मोठ्या गणितज्ञाला हे लिहून दाखवावे लागले, यावरून ही साधी वाटणारी गोष्ट किती सहज नजरेतून निसटते हे कळते.

नाव कोणी दिले

'मॅट्रिक्स' हा शब्द गणितात १८५० मध्ये जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर याने आणला. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ गर्भाशय असा आहे. या तक्त्यापोटी अनेक निश्चयक जन्माला येतात, म्हणून हे नाव.

सिल्व्हेस्टरचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. १८१४ मध्ये लंडनच्या एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. केंब्रिजच्या गणिताच्या अंतिम परीक्षेत १८३७ साली तो दुसरा आला. एवढी मोठी रँक मिळवूनही त्याला पदवी मिळाली नाही, कारण त्या काळी पदवी घेताना इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या धर्मतत्त्वांना मान्यता द्यावी लागे आणि त्याला ते मान्य नव्हते. त्याने १८४१ मध्ये डब्लिनच्या विद्यापीठातून पदवी घेतली. पोटासाठी विमा कंपनीत हिशेबतज्ज्ञाचे काम केले, वकिलीची सनद घेतली. त्या काळात आर्थर केली या दुसऱ्या गणिती वकिलाशी त्याची मैत्री जमली आणि त्या दोघांनी मिळून या शास्त्राला आकार दिला. १८७१ मध्ये इंग्लंडमधील धर्मविषयक अटी कायद्याने रद्द झाल्या आणि पुढच्या वर्षी केंब्रिजने त्याला पदवी दिली. परीक्षेनंतर पस्तीस वर्षांनी! तोवर जग त्याला गुरू मानत होते. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात व नंतर ऑक्सफर्डला तो प्राध्यापक झाला.

समीकरणसमूहाला उत्तर केव्हा असते याचे संपूर्ण नियम १८६१ ते १८७५ या काळात हेन्री स्मिथ, चार्ल्स डॉजसन आणि फ्रान्सचा रूशे यांनी आपापल्या परीने मांडले. यांतील डॉजसन म्हणजे 'ॲलिस'ची गोष्ट लिहिणारा लुईस कॅरल. अखेर १८७९ मध्ये जर्मन गणितज्ञ फ्रोबेनियस याने या संख्येला 'रांग' हे जर्मन नाव दिले. त्याचेच इंग्रजी रूप रँक. योगायोगाने मराठीतही रांग म्हणजे ओळच!

रँकचे गुणधर्म

नाव मिळाल्यावर तिचे गुणधर्म नीट मांडता आले. त्यांतील तीन येथे सांगतो.

पहिला गुणधर्म असा की स्वतंत्र ओळी मोजा किंवा स्वतंत्र स्तंभ मोजा, संख्या तीच येते. १, २, ३ ही पहिली ओळ, २, ४, ६ ही दुसरी आणि १, १, १ ही तिसरी असा तक्ता घ्या. दुसरी ओळ पहिलीची दुप्पट आहे, म्हणून स्वतंत्र ओळी दोन. आता उभे पाहा. दुसऱ्या स्तंभाच्या दुपटीतून पहिला स्तंभ वजा केला की तिसरा मिळतो, म्हणून स्वतंत्र स्तंभही दोनच. आडवे पाहून केलेला आणि उभे पाहून केलेला हिशेब प्रत्येक तक्त्यात जुळतो. वरवर पाहता तो जुळावा असे काहीच कारण दिसत नाही, म्हणून या गुणधर्माचे मोल अधिक.

दुसरा गुणधर्म : अज्ञातांच्या संख्येतून रँक वजा केली की किती संख्या मोकळ्या राहतात ते कळते. विहिरीच्या उदाहरणात ६ वजा ५, म्हणजे १. या मोकळेपणाविषयीचा एक महत्त्वाचा नियम सिल्व्हेस्टरने १८८४ मध्ये, वयाच्या सत्तरीत, प्रसिद्ध केला.

तिसरा गुणधर्म : दोन मॅट्रिक्सचा गुणाकार केला तर त्याची रँक दोहोंपैकी कोणाच्याही रँकपेक्षा जास्त होत नाही. माहिती एका टप्प्यावर हरवली की पुढच्या टप्प्यावर ती परत येत नाही.

आज संगणकात छायाचित्रे थोड्या जागेत साठवताना, असंख्य ग्राहकांच्या आवडीनिवडीचे तक्ते अभ्यासताना याच कल्पनेचा उपयोग होतो, कारण प्रचंड तक्त्यातही खरी स्वतंत्र माहिती पुष्कळदा थोडीच असते. रँक अपुरी असलेल्या मॅट्रिक्सवरही काम कसे करावे यासंबंधी आपल्या देशातील सी. आर. राव (१९२०–२०२३) यांनी केलेले संशोधन जगभर वापरले जाते. सुजित कुमार मित्र यांच्यासह लिहिलेला त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९७१ मध्ये निघाला.

शेवटी

आता पुन्हा आपल्या स्मरणिकेकडे येऊ. गुणपत्रिकेतली रँक कोण कोणाच्या पुढे हे सांगते. गणितातली रँक पुढे-मागे पाहत नाही. ती प्रत्येक ओळीला एवढेच विचारते की, इतरांनी सांगितले नाही असे तू काय सांगतेस?

हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा असे मला वाटते. मार्गदर्शकातील उत्तर पाठ करून दहा जणांनी लिहिले तर ओळी दहा होतात, रँक १ च राहते. प्रत्येक समारंभात आपण बगदादची आणि अल्-ख्वारिज्मीची आठवण काढतो. ती काढावी. पण दरवर्षी तेच वाक्य पुन्हा उच्चारले तर तक्ता लांबतो, रँक वाढत नाही. समवअलने अल्-करजीचा ग्रंथ डोक्यावर घेऊन मिरवला नाही. त्याने तो वाचला, त्यात काय अपुरे आहे ते शोधले आणि पुढची ओळ लिहिली. ते त्याने केले तेव्हा त्याच्याजवळ शिक्षक नव्हता आणि वय आपल्या पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींएवढे होते. सिल्व्हेस्टरला विद्यापीठाने दार बंद केले, तरी त्याने अभ्यास बंद केला नाही.

आपल्या मुलामुलींसाठी आज शाळा आहे, ग्रंथालय आहे, शिक्षक आहेत. पालकांनी गुणपत्रिकेतली रँक जरूर विचारावी. मात्र त्याबरोबर एखाद्या संध्याकाळी मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून, आज वहीत जे लिहिलेस त्याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग, असेही म्हणावे. सांगताना मूल अडखळेल, चुकेल. तरी ते ऐकून घ्यावे. त्या अडखळण्यातूनच त्याची स्वतःची ओळ तयार होत असते.